रायझन ५०००: गेममध्ये तासन्‌तास टिकतो, नुसता उघडा ठेवला की रीस्टार्ट होतो

प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी सिनेबेंच चाचणी अर्धा तास चालते, गेम तीन तास चालतो, तापमान सत्तरीच्या पुढे जात नाही. मग ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडे ठेवून चहाला उठावं, तर परत येईपर्यंत पीसी लॉगिन स्क्रीनवर. निळा स्क्रीन नाही, चेतावणी नाही; स्क्रीन काळा झाला आणि पीसी आपोआप पुन्हा सुरू झाला. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत, म्हणजे नोव्हेंबर २०२० पासून आलेल्या ५६००एक्स, ५८००एक्स, ५९००एक्स, ५९५०एक्स आणि पुढे आलेल्या त्यांच्या भावंडांत, ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. दुकानात नेलं की तंत्रज्ञ तासभर फुल लोड टेस्ट लावतो, पीसी पास होतो, आणि ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून परत मिळतो.

फुल लोड टेस्टमध्ये हा दोष सापडणारच नाही. कारण प्रोसेसर ज्या पद्धतीने सहा, आठ, बारा किंवा सोळा कोअर (आतले स्वतंत्र गणन-भाग) चालवतो, त्या पद्धतीतच आहे.

५६००एक्सचं उदाहरण घ्या. सहा कोअर, बारा थ्रेड, बेस क्लॉक (मूळ वेग) ३.७ गिगाहर्ट्‌झ, बूस्ट (क्षणिक कमाल वेग) ४.६. सगळे कोअर कामाला लागले की ७६ वॉटची मर्यादा आड येते. वीज सगळ्यांत वाटली जाते, क्लॉक खाली येतो, आणि व्होल्टेजही साधारण १.२ ते १.३ व्होल्टच्या पट्ट्यात बसतं. याउलट एकच कोअर क्षणभर जागा झाला आणि बाकीचे पाच झोपलेले असले, तर त्या एकट्याला भरपूर मोकळीक मिळते. तो ४.६ किंवा थोडा वरही उडी मारतो आणि व्होल्टेज १.४ च्या पुढे जातं. १.४५ दिसलं म्हणून घाबरू नका, हलक्या लोडवर ते नेहमीचंच आहे. मेल तपासणं, अँटिव्हायरसचा छोटासा स्कॅन, ब्राउझरचा एखादा टायमर, ही सगळी कामं नेमकी अशीच असतात. म्हणजे एकेका कोअरची सर्वात कठीण परीक्षा ‘काहीच चालू नाही’ असं वाटतं तेव्हाच होत असते.

त्यात भर म्हणजे विंडोज अशी कामं मुद्दाम सर्वात चांगल्या कोअरवर टाकतं. कारखान्यातच प्रत्येक कोअरचा दर्जा ठरलेला असतो आणि बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, ती क्रमवारी विंडोजला कळवतं. चांगला कोअर म्हणजे कमी व्होल्टेजवर जास्त क्लॉक गाठणारा. पण त्याला आधीच कमी व्होल्टेज दिलेलं असल्यामुळे त्याच्याकडे शिल्लक वावही कमी उरतो. म्हणून व्होल्टेज कमी करण्याचे प्रयोग केले की पहिला पडतो तो बहुधा सर्वात चांगलाच कोअर.

आधी नोंद वाचा

स्टार्ट मेनूत इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. उजवीकडच्या ‘फिल्टर करंट लॉग’मध्ये सोर्स म्हणून ‘व्हिआ-लॉगर’ (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा विंडोजचा भाग) निवडा. दोन क्रमांक महत्त्वाचे आहेत, १८ आणि १९.

रीस्टार्टच्या वेळेला फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडला आणि व्हिआ-लॉगरची एकही नोंद नसली, तर प्रोसेसरच्या मागे लागू नका. ४१ चा अर्थ एवढाच की विंडोज नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. बटण पाच सेकंद दाबून धरलं तरी तीच नोंद होते. अशा वेळी आधी वीज आणि एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) पाहा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडवर इन्व्हर्टरला लाइटवरून बॅटरीवर यायला जो वेळ लागतो, तो बऱ्याचदा एसएमपीएसला झेपत नाही. एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरायला बांधलेला असतो. लाइट क्षणभर लुकलुकली आणि पंखा फिरतच राहिला, पण पीसी रीस्टार्ट झाला, तर कारण हेच.

इव्हेंट १८ मात्र प्रोसेसरने स्वतः दिलेली कबुली आहे. त्यात लिहिलेलं असतं: फेटल हार्डवेअर एरर, प्रोसेसर कोअरने कळवलेली, प्रकार ‘कॅशे हायरार्की एरर’, आणि शेवटी प्रोसेसर एपीआयसी आयडी (चूक कुठल्या थ्रेडवर झाली त्याचा क्रमांक) अमुक. बहुतेक जण ‘कॅशे’ हा शब्द वाचून कॅशे खराब झाली असं धरून चालतात. ते खरं असेलच असं नाही. नोंदीचा ‘डिटेल्स’ टॅब उघडा आणि ‘एमसीए बँक’चा, म्हणजे चूक कोअरच्या कुठल्या भागाने नोंदवली त्याचा, आकडा पाहा. ० असेल तर चूक लोड-स्टोअर भागात, १ असेल तर सूचना आणणाऱ्या भागात, ५ असेल तर एक्झिक्यूशन युनिटमध्ये. या तक्रारीत सर्वाधिक दिसतो तो ५. त्याच्याबरोबरचा स्टेटस बहुधा बीईएने सुरू होऊन ०१०८ ने संपतो. याचा अर्थ वॉचडॉग टायमर संपला: ठरलेल्या वेळात कोअरने एकही सूचना पूर्ण केली नाही, म्हणून हार्डवेअरने त्याला अडकलेला ठरवून रीसेट मारला. ‘कॅशे हायरार्की’ हे नाव केवळ त्या शेवटच्या चार अंकांचं विंडोजने केलेलं वाचन आहे.

कोअर अडकण्याची कारणं दोन. एक, त्या क्लॉकला लागणारं व्होल्टेजच त्याला मिळालं नाही. दोन, कोअर ठणठणीत आहे, पण मेमरीकडून किंवा पीसीआय एक्सप्रेसवरच्या एखाद्या कार्डाकडून यायचं उत्तर आलंच नाही आणि तो वाट पाहत बसला. या दोहोंत फरक करायला एपीआयसी आयडी कामी येतो, म्हणून तो लिहून ठेवा. एकाच नोंदीवर निष्कर्ष काढू नका. तीन-चार रीस्टार्ट जमू द्या.

आयडीवरून कोअर असा काढायचा: आठ किंवा कमी कोअरच्या प्रोसेसरवर आयडीला दोनाने भागा आणि पूर्णांक घ्या. ० आणि १ म्हणजे कोअर ०, ६ आणि ७ म्हणजे कोअर ३. ५९००एक्समध्ये सहा-सहा कोअरच्या दोन चिपलेट (एकाच प्रोसेसरमधल्या वेगळ्या छोट्या चिप) असतात आणि दुसरीची मोजणी १६ पासून सुरू होते, मधले १२ ते १५ रिकामे. त्यामुळे तिथे १८ हा आयडी दिसला तर तो दुसऱ्या चिपलेटमधला दुसरा कोअर. हा मुद्दा निसटला की लोक भलत्याच कोअरचं व्होल्टेज वाढवत बसतात.

दर वेळी तोच आयडी, किंवा त्याचा जोडीदार: संशय त्या कोअरवर. दर वेळी वेगळा आयडी: संशय मेमरी, फॅब्रिक (प्रोसेसरचे भाग आणि मेमरी यांना जोडणारा आतला मार्ग) किंवा ग्राफिक्स कार्डाच्या जोडणीवर. ही विभागणी शंभर टक्के अचूक नाही, पण सुरुवात कुठून करायची हे ती बरोबर सांगते.

सगळं मूळपदावर

बायोस मदरबोर्डच्या कंपनीच्या पानावरून ताजं घ्या. या मालिकेसाठी सुरुवातीच्या महिन्यांतले बायोस कच्चे होते आणि २०२१ मध्ये त्यांत बऱ्याच दुरुस्त्या आल्या. त्या काळातला बोर्ड अजून पहिल्याच बायोसवर असेल तर बाकी काही करण्याआधी हे करा. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल टाका, बायोसच्या आतल्याच फ्लॅश सुविधेने अपडेट करा. विंडोजमधून चालणाऱ्या अपडेट प्रोग्रॅमने करू नका. ज्या पीसीला मध्येच रीस्टार्ट व्हायची खोड आहे, त्यावर तर मुळीच नाही. त्याआधी ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्ह-कुलूप) चालू आहे का तपासा आणि रिकव्हरी की फोनमध्ये किंवा कागदावर उतरवून घ्या. बायोस अपडेटने टीपीएम (कुलपाची किल्ली सांभाळणारा सुरक्षा-भाग) रीसेट होऊ शकतं, आणि मग विंडोज ती की मागतं.

अपडेटनंतर ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डीफॉल्ट्स’. एक्सएमपी (मेमरी जाहिरातीतल्या वेगाने चालवणारं प्रोफाइल) बंद राहू द्या. पीबीओ (प्रोसेसरच्या बूस्टच्या मर्यादा सैल करणारं एएमडीचं सेटिंग) ‘ऑटो’वर न ठेवता स्पष्टपणे ‘डिसेबल्ड’ करा, कारण काही बोर्डांवर ‘ऑटो’चा अर्थ कंपनी आपल्या सोयीने लावते. व्होल्टेज ऑफसेट, लोड-लाइन, कर्व्ह ऑप्टिमायझर, सगळं ऑटो किंवा शून्य. विंडोजमध्ये रायझन मास्टर (एएमडीचं ट्यूनिंग सॉफ्टवेअर) असेल तर त्यातलं प्रोफाइलही डीफॉल्टवर आणा. बायोस रीसेट केलं, पण त्या सॉफ्टवेअरने सुरू होताच जुने आकडे पुन्हा चढवले, हा घोळ नेहमीचा.

आता पीसी चार-पाच दिवस रोजच्यासारखा वापरा. रीस्टार्ट थांबले तर दोष सेटिंगमध्ये आहे. ती एकेक करून परत चालू करायची, आधी एक्सएमपी, मग पीबीओ, सर्वात शेवटी कर्व्ह ऑप्टिमायझर. दोन गोष्टी एकदम चालू केल्या तर पुन्हा पहिल्यापासून.

मेमरी आणि फॅब्रिक

रायझन ५००० ची अधिकृत मेमरी मर्यादा डीडीआर४-३२०० आहे, तीही दोन स्टिकना. चार ड्युअल-रँक (चिपचे दोन संच असलेल्या) स्टिक लावल्या तर अधिकृत आकडा २६६६ पर्यंत उतरतो. दुकानदार ३६०० चा किट देतो, एक्सएमपी चालू करतो, आणि बहुतांश वेळा ते चालतंही, पण ते ओव्हरक्लॉकच आहे. ३६०० वर इन्फिनिटी फॅब्रिक १८०० मेगाहर्ट्‌झवर धावतं. ३८०० वर १९०० लागतं, आणि तिथे बरेच नग धापा टाकतात.

फॅब्रिकचा त्रास सहसा इव्हेंट १९ ने कळतो, ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ या नावाने. ही चूक दुरुस्त झालेली असते म्हणून पीसी पडत नाही, पण आवाजात खरखर, यूएसबी माउस क्षणभर गायब होणं अशी लक्षणं सोबत दिसतात. तासाला डझनभर १९ च्या नोंदी असतील तर फॅब्रिक एक पायरी खाली आणा: १९०० वरून १८६६, मग १८००. मेमरी त्याच्या दुप्पट ठेवा, म्हणजे १८०० ला ३६००. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारं) ऑटोवर १.१ च्या आसपास असतं. ते वाढवून प्रश्न सोडवायचा मोह टाळा आणि १.२ कधीच ओलांडू नका.

मेमरी स्वतंत्रपणे तपासायची तर पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चे चार फेरे. एकही चूक चालत नाही. ‘दोनच एरर आल्या’ म्हणजे किट त्या वेगाला नापास. स्टिक दोन असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, हेही तेवढ्यात पाहून घ्या.

ग्राफिक्स कार्ड रायझर केबलवर (कार्ड आणि खाच जोडणारी लवचिक केबल) उभं लावलेलं असेल, तर बायोसमध्ये त्या खाचेचा पीसीआय एक्सप्रेस वेग जेन ४ (चौथी पिढी) वरून जेन ३ करा. जुन्या रायझर केबल जेन ४ साठी बनलेल्याच नाहीत. फ्रेममधला फरक डोळ्यांना दिसत नाही आणि बदलत्या एपीआयसी आयडीचे रीस्टार्ट कधीकधी एवढ्यावरच थांबतात.

कर्व्ह ऑप्टिमायझर: खरा गुन्हेगार बहुधा इथे

यूट्यूबवर ‘ऑल कोअर उणे ३०’चा व्हिडिओ पाहून केलेला बदल, हे या तक्रारीचं सर्वात सामान्य मूळ आहे. कर्व्ह ऑप्टिमायझर प्रत्येक क्लॉकला मिळणारं व्होल्टेज खाली-वर सरकवतो. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे उणे ३० ला ९० ते १५० मिलिव्होल्टची कपात. तापमान उतरतं, सिनेबेंचचा स्कोअर वाढतो, सगळे खूश. पण सहाच्या सहा कोअरनी ही कपात एकट्याने उंच उडी मारताना सोसणं, हा नशिबाचा भाग आहे. दोन कोअर उणे ३० सहज घेतात, एक उणे १२ वर थांबतो, एखाद्याला उणे ५ सुद्धा जड जातं.

म्हणून ‘ऑल कोअर’ नाही, ‘पर कोअर’. आणि तपासणी एकेका कोअरची. त्यासाठी कोअरसायकलर नावाची मोफत स्क्रिप्ट आहे. ती प्राइम९५ ही ताण-चाचणी एका वेळी एकाच कोअरवर चालवते, ठरलेल्या वेळाने पुढच्या कोअरवर जाते, आणि कुठला कोअर चुकला ते नावानिशी सांगते. कॉन्फिग फाइलमध्ये मोड एसएसई (हलक्या सूचनांचा संच) ठेवा. एव्हीएक्स२ हा जड सूचनांचा संच जास्त ‘कडक’ वाटतं, पण त्यात उष्णता वाढते आणि क्लॉक खाली येतो, म्हणजे आपल्याला हवी ती अवस्था निघून जाते. एसएसईमध्ये क्लॉक सर्वात वर राहतो. एफएफटी आकार (चाचणीतल्या गणिताचा आकार) ‘ह्यूज’, थ्रेड एक, प्रत्येक कोअरला दहा मिनिटं. रात्री लावून झोपा. सहा कोअरना एक फेरा तासाचा, आठांना ऐंशी मिनिटांचा. किमान पाच-सहा फेरे हवेत.

सुरुवात सगळे कोअर उणे १० वर ठेवून करा. सर्वोत्तम ठरलेले दोन कोअर, जे रायझन मास्टरमध्ये तारा आणि ठिपक्याने दाखवलेले असतात, ते उणे ५ वर. जो कोअर चुकेल त्याचा आकडा तीनाने वर आणा, म्हणजे उणे १० चा उणे ७, आणि पुन्हा चाचणी. पास झालेल्यांना पाचाने खाली नेऊन बघायचं असेल तर बघा, पण स्थिर आकडा मिळाल्यावर त्यातून तीन-चार आकडे सैल सोडा. मे महिन्यात खोलीचं तापमान जानेवारीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर असतं, आणि काठावर बसवलेला आकडा तेव्हाच घसरतो.

चाचणी चालू असताना चूक दाखवण्याऐवजी पीसी थेट रीस्टार्ट झाला, तर स्क्रिप्टच्या लॉग फाइलची शेवटची ओळ उघडा. शेवटी ज्या कोअरचं नाव आहे, तोच दोषी. इव्हेंट १८ मधल्या आयडीशी ते ताडून पाहा. दोन्ही जुळले की शंका उरत नाही.

बायोसमध्ये दिलेला सरसकट व्होल्टेज ऑफसेट, समजा उणे ०.०७५, हाही याच पंगतीतला. तो आणि कर्व्ह ऑप्टिमायझर एकत्र कधीच वापरू नका. कुठल्याने पाडलं ते नंतर कळत नाही.

डीफॉल्टवरही होतंय?

सगळं मूळपदावर, एक्सएमपीही बंद, तरी निवांत असताना रीस्टार्ट येत असेल, तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधा. बहुधा ते अ‍ॅडव्हान्स्ड, एएमडी सीबीएस, सीपीयू कॉमन ऑप्शन्स अशा वाटेने सापडतं. ‘ऑटो’ऐवजी ‘टिपिकल करंट आयडल’ करा. कोअर गाढ झोपले की प्रोसेसर इतका कमी करंट ओढतो की काही जुन्या एसएमपीएसना १२ व्होल्टची लाइन नीट सांभाळता येत नाही. हे सेटिंग त्या सर्वात खोल झोपेला आवर घालतं. निवांत असतानाचा वीजवापर काही वॉटने वाढेल, इतकंच.

‘ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल’ (कोअरना झोपू देणारं सेटिंग) बंद करा असाही सल्ला मिळतो. तो निदानासाठी दोन दिवस ठीक. कायमचा ठेवू नका. बाकीचे कोअर झोपल्याशिवाय एका कोअरला पूर्ण बूस्ट मिळत नाही, म्हणजे रीस्टार्ट थांबतील, पण जो वेग पैसे मोजून घेतला तोच हातचा जाईल.

याउपर एकच आयडी पुन्हा पुन्हा येत असेल तर एक शेवटची परीक्षा: पीबीओ ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करा, मर्यादा हाताने मूळ आकड्यांवर भरा (५६००एक्सला पीपीटी, म्हणजे एकूण वीज, ७६ वॉट, टीडीसी, म्हणजे सलग करंट, ६० अँपिअर, ईडीसी, म्हणजे क्षणिक करंट, ९० अँपिअर; ५८००एक्स आणि वरच्यांना १४२, ९५, १४०) आणि फक्त त्या कोअरला कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये अधिक ५, मग अधिक १० द्या. तेवढ्याने रीस्टार्ट थांबले, तर त्या कोअरला कारखान्याने दिलेलं व्होल्टेज अपुरं आहे हे सिद्ध झालं. अधिक १० वर वर्षानुवर्षं चालवता येतं, पण वॉरंटी बाकी असताना तडजोड करायचं कारण नाही. जाहिरातीतल्या सेटिंगवर न चालणारा प्रोसेसर हा सदोष माल आहे.

बॉक्ससकट घेतलेल्या प्रोसेसरवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ‘ट्रे पीस’ म्हणून बॉक्सशिवाय, दोन-तीन हजारांनी स्वस्त घेतला असेल, तर जबाबदारी विकणाऱ्याची आणि बिलावर काय लिहिलंय त्याची. दावा करताना सांगा की डीफॉल्ट सेटिंग, ताजं बायोस, एक्सएमपी बंद, मेमटेस्ट पास, आणि सोबत इव्हेंट १८ च्या तीन-चार नोंदींचे स्क्रीनशॉट जोडा, ज्यांत एपीआयसी आयडी एकच दिसतो. ‘पीसी रीस्टार्ट होतो’ एवढंच लिहिलं की पुन्हा तीच फुल लोड टेस्ट होते आणि प्रोसेसर ‘ओके’ म्हणून परत येतो.

प्रोसेसर काढताना एक धोका आहे. एएम४ मध्ये, म्हणजे या मालिकेच्या सॉकेटमध्ये, पिना सॉकेटला नसून प्रोसेसरच्या पोटाला असतात, १३३१, आणि सॉकेटची पकड इतकी सैल की सुकलेली पेस्ट प्रोसेसरला कूलरसकट उपटून आणते. आधी दहा-पंधरा मिनिटं लोड टेस्ट चालवून पेस्ट ऊबदार करा, पीसी बंद करा, प्लग काढा, कूलरचे स्क्रू सोडा आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलके पिळत सुटा करा. एक पिन वाकली तरी वॉरंटीचा दावा तिथेच संपतो.

बदलून आलेला प्रोसेसर बसवण्याआधी बायोसमधली जतन केलेली सगळी प्रोफाइल पुसून टाका. जुन्या नगाचे कर्व्ह आकडे नव्याला लागू पडत नाहीत. दोन ५६००एक्स एकाच दिवशी घेतले तरी त्यांचे कोअर वेगळे असतात.